क्रमांक कोणी घालायचा?

लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे मजकुराचा साचा तयारच असतो. वधूवरांची नावे, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता एवढ्याच जागा रिकाम्या. संकेतस्थळांचेही असेच असते. पानाचा साचा एकदा लिहून ठेवायचा. रिकाम्या जागा भरायचे काम टेम्प्लेट इंजिन नावाचा प्रोग्रॅम करतो. या रिकाम्या जागांना व्हेरिएबल म्हणतात. बहुतेकांत काय भरायचे ते आपण सांगतो. काही मात्र इंजिन आपल्याच पदरचे घालते. ती अंगभूत व्हेरिएबल. त्यांतल्या एकाकडे दुर्लक्ष करून मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो.

मुलींच्या एका वसतिगृहाची गुणानुक्रमे प्रवेशयादी होती. जागा ४०. नावांआधीचे क्रमांक मी हाताने टाइप केले. रात्री एका मुलीने अर्ज मागे घेतला. तिचे १७वे नाव मी काढले, पण क्रमांक तसेच राहिले. १६नंतर एकदम १८. सकाळी ४१ क्रमांकाची मुलगी यादी पाहून वडिलांबरोबर एस.टी.ने गावी परत गेली. खरे तर आता ती ४०वी होती. दोन दिवसांनी कार्यालयातल्या बाईंनी बोटाने नावे मोजली, तेव्हा कुठे तिला फोन गेला. जागा मिळाली तिला. पण ते दोन दिवस त्या घरात कसे गेले असतील?

मी वापरत होतो ते जँगो. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स इथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या कचेरीत ते तयार झाले आणि २००५मध्ये सर्वांना खुले झाले. वर्तमानपत्रवाल्यांना याद्या आणि घाई दोन्ही पाचवीला पुजलेली! यादीतले एकेक नाव घेऊन तीच ओळ पुन्हा छापायची, याला लूप म्हणतात. लूप सुरू झाला की जँगो 'फॉरलूप डॉट काउंटर' आपणहून हजर करते. पहिल्या नावाला १, पुढच्याला २. एक नाव गळले, की पान पुन्हा उघडताच मागची सगळी पुढे सरकलेली. 'काउंटर झीरो' नावाचा त्याचा भाऊ शून्यापासून मोजतो. तो चुकून वापरलात तर पहिला येणाऱ्याच्या नावापुढे भोपळा!

पण हा काउंटर पंगतीतल्या वाढप्यासारखा आहे. त्याला समोरची पंगत दिसते, आधी किती पंगती उठल्या ते ठाऊक नसते. लांब यादी ५०-५० नावांच्या पानांत तोडली, की दुसऱ्या पानावर तो पुन्हा १ म्हणतो. तिथे त्या पानाचा 'स्टार्ट इंडेक्स', म्हणजे पानावरचे पहिले नाव सबंध यादीत कितवे हे सांगणारा आकडा, घ्यायचा, त्यात काउंटर मिळवायचा आणि एक वजा करायचा. ५१ अधिक १ वजा १, म्हणजे ५१.

आणखी एक. दहावीचा आसनक्रमांक काउंटरवर सोपवाल तर अनर्थ होईल. कोणी गळले म्हणून तो बदलून कसा चालेल? तो माहितीतच नोंदलेला हवा. रांगेतली जागा तेवढी इंजिनाने मोजावी.

त्या वसतिगृहाच्या यादीत आता दोन रकाने आहेत. अर्जाचा क्रमांक नोंदीतून येतो, गुणानुक्रम काउंटर घालतो. तरीही यादी लावण्याआधी त्या बाई एकदा बोटाने नावे मोजतातच. मी त्यांना कधी अडवलेले नाही.