मृगातली हिरवी रेषा आणि पुण्याचे नायगमवाला सर

हा भाग मी आंदर मावळातून रेकॉर्ड करतोय, टाकव्याच्या पुढे. मागे कुत्री भुंकली तर समजून घ्या, एडिट करायला वेळ नाही.

सुरुवात एका फॉरवर्डपासून. ऑगस्ट आला की तुमच्याही ग्रुपवर तो येतोच. ‘१८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर साहेबानं विजयदुर्गावरून सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला.’ सोबत किल्ल्याचा फोटो आणि तिरंगा. आता गंमत ऐका. त्या दिवशी खग्रास ग्रहण होतं हे खरं. पण नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्यानं सूर्याच्या कडेची ती पिवळी रेषा पाहिली ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमधूनच, ग्रहणाशिवाय. मग विजयदुर्गाचं काय? तर लॉकियर तिथं आला होता, नक्की आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. म्हणजे ३० वर्षांनी! तोवर रॅम्झेनं १८९५ मध्ये हेलियम प्रयोगशाळेत पकडलासुद्धा होता. दोन ग्रहणं एकात मिसळली आणि फॉरवर्ड तयार झाला.

आणि मला राग याचा येतो की याच लॉकियरला पुण्यातून एका माणसानं उत्तर दिलं होतं, त्याचा फॉरवर्ड मात्र कधी येत नाही.

त्यांचं नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकवायचे. सायन्स कॉलेज म्हणजे आपलं आजचं सीओईपी. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी देणगी दिली, सरकारनंही पैसे घातले आणि १८८८ च्या सुमारास त्या कॉलेजात वेधशाळा उभी राहिली. पुढं तिथं २० इंची आरशाची दुर्बीण होती, त्या काळी भारतातली सगळ्यात मोठी. किती इंजिनिअर त्या आवारातून बाहेर पडले, त्यातल्या किती जणांना हे माहितीये, विचारून बघा.

आता वाद काय होता? मृग नक्षत्र तुम्हाला माहितीये. तीन ताऱ्यांचा बाण एका ओळीत, आणि त्याच्याखाली एक धुरकट ठिपका. तो मृगातला तेजोमेघ, ओरायन नेब्युला. आता तो ठिपका म्हणजे नक्की काय आहे? लांब असल्यामुळं एकत्र दिसणारी ताऱ्यांची गर्दी, की खराच धूर? नुसत्या दुर्बिणीतून हे भांडण मिटेना. १८६४ मध्ये विल्यम हगिन्सनं एका तेजोमेघाचा प्रकाश स्पेक्ट्रोस्कोपमधून घातला. ताऱ्यांची गर्दी असती तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसायला हवा होता. दिसल्या मोजक्या सुट्या रेषा. म्हणजे विरळ, तापलेला वायू. मृगातल्या तेजोमेघाचंही तेच निघालं.

हे तुम्ही घरी करू शकता बरं का. जुनी सीडी घ्या, खोक्याला बारीक फट पाडा, आणि फट रस्त्यावरच्या दिव्याकडं करून मोबाईलचा कॅमेरा सीडीवर धरा. एलईडीचा पट्टा सलग दिसतो, सीएफएलच्या रेषा सुट्या दिसतात. दिव्याजवळ न जाता कळतं आत काय आहे. आकाशातल्या वस्तूंची ओळख पटवायची मूळ युक्ती हीच. यंत्रं फक्त महाग झाली.

तर या तेजोमेघातली सगळ्यात ठळक रेषा हिरवी, साधारण ५००.७ नॅनोमीटरवर. ती कुणाची? लॉकियर म्हणाला, मॅग्नेशियमची. त्याचं म्हणणं असं की तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे. उल्का एकमेकांवर आदळतात, तापतात, आणि त्यातलं मॅग्नेशियम चमकतं. जळत्या मॅग्नेशियमच्या प्रकाशात जवळजवळ त्याच जागी एक खूण दिसते, हे खरं होतं. पण नुसती जागा जुळली म्हणून ओळख पटली का? आमच्या कामात दोन एररचा कोड सारखा दिसला म्हणून बग एकच असतो असं नाही, आख्खा लॉग वाचावा लागतो.

इथं कामाला आला रेषेचा आकार. मॅग्नेशियमची ती खूण म्हणजे रेषा नव्हेच. एका बाजूला धारदार कड आणि दुसऱ्या बाजूला विरत जाणारा पट्टा, रंगाचा ब्रश ओढत नेल्यावर शेवटी कोरडा पडतो तसा. नायगमवाला सरांनी पुण्यातून मृगातल्या तेजोमेघाकडं स्पेक्ट्रोस्कोप लावला आणि १८९१ मध्ये निरीक्षण छापलं: रेषा बारीक आणि स्वच्छ आहे, कुठल्याच बाजूला विरत नाही. म्हणजे मॅग्नेशियम नाही. आणि हे कुणाला? ‘नेचर’ साप्ताहिक काढणाऱ्या, इंग्लंडमधल्या वजनदार माणसाला.

हा वाद एकट्या पुण्यानं मिटवला असं मी म्हणणार नाही. लंडनमध्ये हगिन्स विरोधात होताच. कॅलिफोर्नियात लिक वेधशाळेत कीलरनं रेषेची जागा फार काटेकोर मोजली, तीही मॅग्नेशियमशी जुळली नाही. पण पुण्याची साक्ष त्यात आहे, आणि ती बरोबर निघाली.

मग रेषा होती कुणाची? पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ असं नवं नाव ठेवलं गेलं. हेलियम असाच सापडला होता ना! पण या वेळी नवीन काही नव्हतं. १९२७ मध्ये आयरा बोवेननं दाखवलं की तो साधा ऑक्सिजन आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. प्रयोगशाळेत ही रेषा दिसत नाही, कारण तिथं अणूंची एकमेकांशी सतत धडक होते. रेषा सोडायला त्या अणूला बराच वेळ एकटं राहावं लागतं. तेजोमेघात वायू इतका विरळ की तेवढा निवांतपणा मिळतो.

१८९८ च्या त्याच ग्रहणाला लॉकियर विजयदुर्गावर होता, तेव्हा नायगमवाला सर करमाळ्याजवळ जेऊरला यंत्रं लावून बसले होते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, आणि ती २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली.

मृगातला तो ठिपका बघायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत अमावास्येच्या आसपास या. शिवाजीनगरच्या उजेडात तो दिसणं कठीण. आमच्याकडंही पूर्वेला तळेगाव-चाकणचा उजेड चढत चाललाय, पण वडेश्वरच्या पुढं, ठोकळवाडी धरणाच्या बाजूला अजून नुसत्या डोळ्यांनी कळतो. कुणाकडं बऱ्यापैकी दुर्बीण असेल तर आणा. त्यातून तो किंचित हिरवट दिसतो, आणि ते हिरवटपण मुख्यतः याच रेषेचं. स्वेटर आणा, थंडी जाम असते.