हाडांचें बळ व सावध व्यायाम

(महोत्सवानिमित्त भरलेल्या वृद्धांच्या मेळाव्यांतील भाषण)



आज आमच्याकडून प्रवचनाची अपेक्षा आपण केली असेल. परंतु गेल्या पावसाळ्यांत देवळाच्या पायरीवर आमचा पाय घसरला, मनगटाचें हाड मोडलें, आणि तपासणीअंतीं डॉक्टरांनीं सांगितलें कीं, आमचीं हाडें वयाच्या मानानें विरळ झालीं आहेत. आमच्या मातोश्री खुबा मोडल्यावर पुन्हां उभ्या राहिल्याच नाहींत. म्हणून हा विषय आम्ही हलका मानीत नाहीं.

हाड म्हणजे दगडी खांब नव्हे. तें जिवंत आहे. त्याचा जुना भाग झिजतो व नवा भरला जातो. बर्लिनचे शस्त्रवैद्य ज्यूलियस वोल्फ यांनीं १८९२ सालीं असें प्रतिपादिलें कीं, हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते. टेनिसपटूच्या खेळत्या हाताचें हाड दुसऱ्याहून जाड असतें. उलट अंतराळांत भारहीन राहणाऱ्यांच्या खुब्याचें हाड दरमहा सुमारें एक टक्क्यानें विरळ होतें. आपल्या घरीं नळ आला, पाटा-वरवंटा परसांत गेला. सोय झाली खरी, पण हाडांचें काम गेलें.

हें कळल्यावर उत्साहाच्या भरांत आम्हीं एक चूक केली. शाळेंतील कवायत आठवून रोज सकाळीं गुडघे ताठ ठेवून पायांच्या अंगठ्यांना हात लावूं लागलों. आठ दिवसांत पाठ धरली! १९८४ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनीं, कण्याचीं हाडें विरळ झालेल्या ५९ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली होती, ती आम्हांस मागाहून कळली. पुढें वांकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकीं ८९ टक्के स्त्रियांच्या मणक्यांत नवी मोड आढळली. पाठ मागें ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकीं केवळ १६ टक्के स्त्रियांच्या. संख्या लहान खरी, पण कारण उघड आहे. पुढें वांकलें कीं सारा भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो, आणि ती कड दुबळी असली कीं खचते. यास्तव कंबरेंतून वांकणें, पाठ पिळणें व उताणें निजून झटक्यानें उठणें वर्ज्य करावें. घागर उचलावयाची तर गुडघे वांकवून, अंगाशीं धरून.

मग करावें काय? भक्कम खुर्चीवरून हातांचा आधार न घेतां उठावें व सावकाश बसावें, आठदहा वेळां. बाकाची पाठ धरून टांचा उचलाव्या. भिंतीला तळवे टेकून अंग ढकलावें. भिंतीजवळच एका पायावर उभें राहण्याचा सराव करावा. कारण हाड मोडतें तें बहुधा पडण्यानें. नुसतें चालणें हाडांना फारसें पुरत नाहीं, पण पहांटेच्या मिस्सेला पायीं येणाऱ्यांनीं म्हणून रिक्षा करूं नये! २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगांत, विरळ हाडांच्या स्त्रियांनीं आठवड्यांतून दोनदां अर्धा तास जड वजनें उचललीं. आठ महिन्यांत कण्याची घनता सुमारें ३ टक्क्यांनीं वाढली. मात्र तेथें प्रत्येक वेळीं जाणता शिक्षक समोर उभा होता. हें ऐकून कोणीं तांदळाची गोणी उचलावयास जाऊं नये.

व्यायामानें औषध टळेल काय, असें आम्हांस अनेक जण विचारतात. आम्हांस तूर्त गोळ्या दिलेल्या नाहींत. परंतु ज्यांचा खुबा वा मणका एकदां मोडला आहे, त्यांनीं शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गोळ्या सोडूं नयेत, आणि व्यायामही डॉक्टरांस विचारूनच आरंभावा. व्यायाम करतांना पाठींत कळ उठली तर तेथेंच थांबावें.

येत्या रविवारपासून दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहांत हा सराव सुरू होईल. शिकविण्यास व्यायामोपचार जाणणाऱ्या एक बाई येणार आहेत. गुळगुळीत सपाता घालून येऊं नये. आणि वेदीपुढें गुडघा टेकतांना बाकाचा आधार घेण्यास कोणीं लाजूं नये. आम्ही स्वतः आतां कठडा धरूनच टेकतों.