घरटे : न शिवता शिकण्याचा पाठ



पळस फुलून ओसरू लागला की सह्याद्रीच्या रानांत गाणाऱ्या पाखरांची घरटी बांधण्याची लगबग सुरू होते. ही घरटी कोठे आहेत, हे शिक्षकाच्या आधी मुलांना ठाऊक असते. पुष्कळदा अंडी हाताळली जातात, पिले घरी आणली जातात आणि एकदोन दिवसांत मरतात. त्या मुलांच्या ठायी क्रौर्य नसते, कुतूहल असते. त्यास वळण लावणे हे शिक्षकाचे काम होय.

नाचणाचेच उदाहरण घ्यावे. गवताचे तंतू कोळ्याच्या जाळ्याने लिंपून तो सखल फांदीवर पेल्याएवढे घरटे करतो. त्यात बहुधा तीन अंडी असतात. नर व मादी आळीपाळीने ती उबवितात आणि पिलांनाही दोघे मिळून भरवितात. दयाळाची रीत निराळी. त्याचे घरटे झाडाच्या ढोलीत असते. उबविण्याचे काम मादी करते, तर नर शेंड्यावर बसून गातो व ती जागा आपली असल्याचे इतर नरांस बजावतो. फुलांतील मध पिणारा शिंजीरसुद्धा पिलांस किडे, कोळी भरवितो. कारण वाढत्या अंगास तेच अन्न लागते.

निरीक्षणास चार-पाच मुलांचीच तुकडी न्यावी. घरट्यापासून पंचवीस-तीस पावलांवर, आडोशाला, अर्धा तास निःशब्द बसावे. चोचीत भक्ष्य असूनही पक्षी घरट्याकडे न जाता ओरडत राहिला, तर माणसे फार जवळ आली असे समजून मागे सरावे. फांद्या बाजूस सारू नयेत. उघडे पडलेले घरटे कावळ्यास व भारद्वाजास तत्काळ दिसते. वहीत तारीख, वेळ, फेऱ्या व भक्ष्याचा प्रकार नोंदवावा. पिलांची विष्ठा आईबाप चोचीत धरून दूर टाकतात, तेही टिपावे. फेऱ्यांची सरासरी काढणे हा गणिताचा जिवंत पाठ ठरेल.

पिसे फुटलेले पिलू जमिनीवर दिसले, तर ते पोरके झाले असे मानू नये. आईबाप जवळच असतात. मांजराचे भय असल्यास त्यास शेजारच्या फांदीवर ठेवून दूर व्हावे.

रानपाखरांची अंडी वा घरटी छेडणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीतच मोडते, हे मुलांस सांगावेच. परंतु धाकापेक्षा ओळख अधिक टिकते. जे मूल पंधरा दिवस एका घरट्याची नोंद ठेवील, ते पुढे त्याचे रक्षण आपण होऊन करील.