कलम पाठ झाले, पुढे काय?

विद्यापीठात राज्यशास्त्र घेतलेल्या मुलाला नातेवाईक हमखास विचारतात, ‘एमपीएससी करणार ना?’ हा विषय म्हणजे स्पर्धा परीक्षेची पूर्वतयारी, ही समजूत आता वर्गातही शिरली आहे. कलमे, दुरुस्त्या, समित्या पाठ होतात. त्याने गुण मिळतात, विषय मात्र हाती लागत नाही. संविधानात लिहिलेले प्रत्यक्षात का उतरत नाही, याचा शोध हे राज्यशास्त्राचे खरे काम आहे.

74 वी घटनादुरुस्ती घ्या. ती 1 जून 1993 पासून अमलात आली. नगरपालिकांची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक, एवढे गाईडमध्येही सापडते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि तिथे प्रशासक बसला. तीन वर्षे उलटली तरी तोच कारभार पाहत होता. राज्यातल्या इतर महापालिकांतही प्रशासकच होते. कलम शाबूत होते, नगरसेवक नव्हते. हे कसे घडले? मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक निवडणुकांतील ओबीसी आरक्षणासाठी तीन अटी घातल्या : आयोग, प्रत्यक्ष आकडेवारी आणि एकूण 50 टक्क्यांची मर्यादा. पुढे प्रभागरचनेचा अधिकार राज्य सरकारने स्वतःकडे घेतला. मुंबईचे प्रभाग 227 चे 236 झाले आणि सरकार बदलताच पुन्हा 227. मे 2025 मध्ये न्यायालयानेच चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितले. न्यायालय, आयोग, पक्ष आणि जात यांचे संबंध या एका प्रकरणात जितके उलगडतात, तितके दहा व्याख्यांतून उलगडत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, अशाने वर्गात पक्षीय राजकारण शिरेल. पण मुंबईच्या उदाहरणात दोन्ही बाजूंची सरकारे येतात. पुरावा समोर ठेवला तर कोणाचीच सोय होत नाही. (भीती असेल ती बहुधा याचीच!) मग प्लेटो आणि हॉब्ज यांचे काय, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. विचारवंत सोडा, असे मी म्हणतच नाही. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत इशारा दिला होता की, संविधानाचे रूप तसेच ठेवून केवळ कारभाराची रीत बदलूनही ते विकृत करता येते. हा सिद्धान्तच आहे, आणि प्रशासकांच्या काळाला तो लावून पाहिल्याशिवाय त्याची धार कळत नाही. राहिला नोकरीचा प्रश्न : तो खरा आहे, पण त्यासाठी शिकवणी वर्ग आहेत, विद्यापीठाने त्यांची नक्कल करण्याचे कारण नाही.

प्राध्यापकांना माझी विनंती एवढीच, की निदान एम.ए.च्या वर्षात एक प्रश्न आपल्याच महापालिकेवर किंवा जिल्हा परिषदेवर विचारा, आणि उत्तरासाठी गाईड बाजूला ठेवून राजपत्र आणि निकालपत्र वाचायला लावा.