गाळलेली ओळ : एका वर्षाच्या वाचनाचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)





गेल्या वर्षी याच मंडपात बोलण्याच्या भरात मी एक संकल्प जाहीर केला होता. आता सेवानिवृत्त आहे, हाताशी वेळ आहे, तेव्हा महिन्याला दोन याप्रमाणे वर्षभरात चोवीस पुस्तके वाचीन असे मी म्हणालो, आणि आपण टाळ्या वाजवल्यात. त्या टाळ्यांचा हिशेब देणे माझे कर्तव्य आहे. चोवीसपैकी अकरा पुस्तके वाचून झाली. शाळेच्या भाषेत सांगायचे तर शेकडा शेहेचाळीस गुण. पस्तीसच्या वर आहेत म्हणून पास. परंतु पेढे वाटण्यासारखा हा निकाल नव्हे.

आपल्या समारंभांत विद्येविषयी बोलणारा प्रत्येक वक्ता 'इक्रा' या शब्दापासून सुरुवात करतो. कुरआनच्या अवतरणाचा आरंभ 'वाच' या आज्ञेने झाला हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि शिक्षक या नात्याने मीही ते एकतीस वर्षे सांगत आलो. आज ते पुन्हा सांगत नाही. आज एवढेच विचारतो, की ते ऐकून घरी गेल्यावर आपण काय वाचले?

माझ्यापुरते उत्तर फारसे अभिमानाचे नाही. मी मराठी शिकवीत असे. क्रमिक पुस्तक मला तोंडपाठ होते, पण त्याबाहेरचे वाचन बेताचेच. वाचनालयाच्या कपाटाची किल्ली कित्येक वर्षे माझ्या खिशात असे. मुले पुस्तके फाडतात, हरवतात, म्हणून ते कपाट मी आठवड्यातून एकदा, तेही अर्धा तासच उघडीत असे. पुस्तके शाबूत राहिली. मुले मात्र न वाचता पुढच्या वर्गात गेली.

असो. वर्षाच्या आरंभी मी वाचावयास बसलो. पहिल्या तीन महिन्यांत तीन पुस्तके झाली. मग लक्षात आले, की संख्या भरून काढण्यासाठी मी बारीक बारीक पुस्तके निवडू लागलो आहे, आणि काल काय वाचले ते आज आठवत नाही. याच सुमारास माझी थोरली बहीण माझ्याकडे राहावयास आली. आम्ही सारे तिला आपा म्हणतो. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एके दिवशी असरच्या नमाजनंतर मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "एकटाच काय पुटपुटतोस? मोठ्यानं वाच की, मीही ऐकेन."

त्या दिवसापासून असर ते मगरिब आमचे वाचन सुरू झाले. पुढची आठ पुस्तके आम्ही दोघांनी मिळून वाचली.

पहिले घेतले ते रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यांतील काही आठवणी', १९१० साली प्रसिद्ध झालेले. १८७३ साली अकरा वर्षांच्या रमाबाई न्यायमूर्ती रानडे यांच्या घरी सून म्हणून आल्या आणि त्यांनी पत्नीला लगेच शिकवावयास प्रारंभ केला. ती वाचते म्हणून घरातल्या बायकांनी तिला किती बोल लावले, किती टोमणे मारले, ते रमाबाईंनी कोणावरही राग न धरता सांगितले आहे. ऐकता ऐकता आपाने मला थांबवले. म्हणाली, "हिला शिकवणारा नवरा तरी होता. माझ्या बाजूनं बोलणारं कोणीसुद्धा नव्हतं."

मी पुस्तक मिटले. पुढे वाचवेना. कारण तिच्या बाजूने बोलणारे एक माणूस होते, आणि ते फक्त मला ठाऊक होते.

ही गोष्ट १९६८ सालची. आमचे बाबा आगबोटीवर खलाशी होते. वर्ष-दीड वर्ष घरी येत नसत. येत असे ते पत्र. बाबा मराठी चौथीपर्यंत शिकलेले. अक्षर मोठे आणि वेडेवाकडे, पण पत्र स्वतःच्या हाताने लिहीत. आई रोज पहाटे कुरआनशरीफची तिलावत करी. अरबी अक्षरे तिला येत, परंतु मराठी अक्षर ओळखता येत नसे. पूर्वी पोस्टमन ओसरीवर बसून पत्र वाचून दाखवी. शेजारच्या बायका जमत. नवऱ्याने बायकोला लिहिलेले पत्र साऱ्या मोहल्ल्यासमोर वाचले जाई आणि आई मान खाली घालून ऐके. मी चौथीत गेलो तसे हे काम माझ्याकडे आले. आईची त्या प्रकारातून सुटका झाली, आणि मला आपण फार मोठे झालो असे वाटू लागले.

त्या वर्षी आपा सातवी पास झाली. पुढचे हायस्कूल खाडीपलीकडे. तरीतून जावे लागे. मोहल्ल्यातल्या दोन मुली जाणार होत्या. आईचे मन ठरत नव्हते. बाबांचे पत्र येऊ दे, मग बघू, असे ती म्हणाली. पत्र आले. शेवटी शेवटी त्यात एक ओळ होती. पोरीची शाळा बंद करू नकोस, पैशाचे मी बघतो, अशा अर्थाची. ती ओळ मी वाचली नाही.

आपा शाळेत गेली असती, तर विहिरीचे पाणी, कोंबड्या कोंडणे आणि धाकट्याला सांभाळणे माझ्या अंगावर आले असते. दहा वर्षांच्या पोराला तेवढे कारण पुरले. आईने विचारले, "पोरीबद्दल काही नाही लिहिलं?" मी नाही म्हणालो, खालचे सलाम-दुआ वाचले आणि पत्राची घडी करून तिच्या हाती दिली.

आपा घरी बसली. दीड वर्षाने बाबा आले तेव्हा तिचे लग्न ठरले होते. बाबांना वाटले, मी लिहूनही हिने ऐकले नाही. आईला वाटले, एवढी वाट पाहूनही यांनी काही कळवले नाही. दोघेही त्याविषयी कधी बोलले नाहीत, आणि मी तर बोलणारच नव्हतो.

पुढे १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले आणि गावोगाव प्रौढांचे वर्ग भरू लागले. आई तेव्हा साठीच्या घरात आली होती. बाबा आधीच अल्लाला प्यारे झाले होते. ती वर्गाला जाऊ लागली, पाटीवर गिरवू लागली, आणि वाचता येऊ लागताच तिने पत्र्याची पेटी उघडून बाबांची जुनी पत्रे काढली. एकेका अक्षराखाली बोट ठेवून ती दुपारभर वाची. एके दिवशी मी शाळेतून आलो तेव्हा तिने एक पत्र माझ्यापुढे धरले. बोट त्या ओळीवर होते. "हे तू वाचलं नव्हतंस," एवढेच ती म्हणाली. रागावली नाही. पत्र पेटीत ठेवून दिले. आपाला तिने सांगितले नाही. ते काम माझे होते, आणि मी ते तीस वर्षांहून अधिक काळ केले नाही.

यंदा, रमाबाईंच्या पुस्तकाशी, ते केले. आपा बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पुढं वाच." दोन दिवसांनी तिने फक्त एक प्रश्न विचारला, "बाबांनी नक्की काय लिहिलं होतं?" मी जमेल तसे सांगितले. ते तिने पुन्हा एकदा सांगायला लावले.

त्यानंतर आम्ही प्रेमचंदांची 'ईदगाह' ही कथा वाचली. तिच्यातला चार-पाच वर्षांचा हमीद जत्रेत मिठाई-खेळण्यांचा मोह टाळून तीन पैशांचा चिमटा घेतो, कारण भाकरी भाजताना आजीची बोटे भाजतात. कथा संपली तेव्हा आपा हसून म्हणाली, "हमीद पाचाचा होता. तू दहाचा होतास." मित्रहो, या वर्षातले सगळ्यांत अचूक पुस्तक-परीक्षण मी ते मानतो.

नंतर बहिणाबाई चौधरी वाचल्या. या निरक्षर माउलीच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवल्या आणि तिच्या निधनानंतर, १९५२ साली, त्या पुस्तकरूपाने आल्या. त्या मुलाने आईचे शब्द हरवू दिले नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचताना आपा इतकी हसली की शेजारी डोकावून गेले. मग डॉ. अब्दुल कलाम यांचे 'अग्निपंख' घेतले. रामेश्वरच्या या मुलाने चालत्या गाडीतून टाकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे उचलण्याचे काम केले, गावातल्या माणिकम नावाच्या गृहस्थांच्या घरच्या ग्रंथसंग्रहातली पुस्तके वाचली, आणि मद्रासच्या तंत्रसंस्थेत प्रवेशाची वेळ आली तेव्हा बहीण झोहरा हिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिन वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी कलामसाहेबांच्या फोटोला हार घालताना त्या बांगड्यांचीही आठवण ठेवावी.

आता वर्षाचा निष्कर्ष सांगतो. जो दुसऱ्यासाठी वाचतो, त्याच्या हाती दुसऱ्याचे आयुष्य असते. तो एक ओळ गाळू शकतो. त्याचा हेतू दुष्ट असावा लागतो असेही नाही. थोडा आळस, थोडा स्वार्थ पुरतो. आज पत्रे राहिली नाहीत, मोबाईल आले. परंतु अर्धा मजकूर वाचून दाखवणारे आणि तेवढ्यावर विश्वास ठेवणारे आजही घराघरांत आहेत. म्हणून पुस्तकांची संख्या ही वाचनाची खरी कसोटी नव्हे. आपल्या घरात दुसऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून असलेले किती जण उरले, ही खरी कसोटी होय. सावित्रीबाई फुले १८५६ साली आजारपणात माहेरी, नायगावला होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिले आणि आपल्यामागे कामाचा भार पडलेल्या फातिमाची त्यात आठवण काढली. मध्ये कोणी पोस्टमन नव्हता, कोणी दहा वर्षांचा पोर नव्हता. माझ्या आईला तो अधिकार साठीच्या घरात मिळाला.

तेव्हा येत्या वर्षासाठी चार गोष्टी सुचवतो.

पहिली विद्यार्थ्यांसाठी. रोज दहा पाने, अभ्यासक्रमाबाहेरची. महिन्याला तीनशे पाने होतात, म्हणजे मध्यम आकाराचे एक पुस्तक सहज संपते. मराठी, उर्दू, इंग्रजी, जी भाषा जवळची तिच्यापासून आरंभ करा, पण दुसरीला परकी मानू नका. समजत नाही म्हणून सोडू नका. इब्न सीना यांनी आत्मवृत्तात सांगितले आहे, की ॲरिस्टॉटलचा एक ग्रंथ त्यांनी चाळीस वेळा वाचला तरी उमगला नाही. मग बाजारात तीन दिरहमला अल्-फाराबी यांचे त्यावरील पुस्तक मिळाले आणि अर्थ उलगडला. तुम्ही निदान तीन वेळा तरी वाचा.

दुसरी घरासाठी. आठवड्यातून एक संध्याकाळ मोबाईल बाजूला ठेवून एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. मोठ्याने वाचताना ओळ गाळली तर चटकन कळते; ऐकणारा विचारतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तुमच्या घरात आजी, आई, खाला, कोणीही अक्षरओळख नसलेले असेल, तर त्यांना वाचून दाखवण्यावर थांबू नका, वाचावयास शिकवा. विजेचे बिल, बँकेचे पासबुक, औषधावरची सूचना, शाळेतून आलेली चिठ्ठी एवढे त्यांना स्वतः वाचता आले, तर वर्ष सार्थकी लागले असे मी म्हणेन. आणि पालकहो, मुलीच्या शाळेचा निर्णय घेताना तिच्याविषयीचा प्रत्येक कागद तिला स्वतःला वाचू द्या.

चौथी विनंती शिक्षकांना आणि संस्थाचालकांना. कपाटे उघडा. फाटलेले पुस्तक पुन्हा बांधून घेता येते. प्रत्येक वर्गात एक पुस्तकपेटी ठेवा आणि तिची किल्ली मुलांच्या हाती द्या. ज्याने वर्षानुवर्षे किल्ली खिशात ठेवली त्याचे हे सांगणे आहे.

माझा स्वतःचा संकल्प या वर्षी लहान आहे. चोवीस नाही, बारा. पण सगळी मोठ्याने. आपाच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. तिच्यासाठी दुआ करा. तिने आपला बेत आताच सांगून ठेवला आहे. म्हणाली, "डोळे बरे झाले की मी वाचीन आणि तू ऐक. बघू, माझ्याकडून काही गाळलं जातं का."