भाड्याचें घर आणि मालकीचा दावा



येथें जमलेल्यांत जालन्याच्या लोखंडी कारखान्यांत राबणारे आहेत, मोंढ्यांतले हमाल आहेत, तशाच एखादी खोली भाड्यानें देऊन पोट भरणाऱ्या विधवा बहिणीही आहेत. म्हणून आम्ही एकाच बाजूची वकिली करणार नाहीं.

वीस वर्षें एका खोलींत काढलेला माणूस म्हणतो, "घरपट्टी मी भरतों, तेव्हां घर माझेंच." हा भ्रम आधीं सोडा. घरपट्टीची पावती म्हणजे खरेदीखत नव्हे. दुसरा कोणी अर्धवट मुनशी सांगतो, १२ वर्षें कब्जा असला कीं मालकी येते. अहो, ती गोष्ट मालकाचा हक्क उघड धुडकावून बसलेल्याची! भाडेकरू मालकाच्या परवानगीनें राहतो. त्याचीं ५० वर्षें भरलीं तरी तेवढ्यानें घर त्याचें होत नाहीं. ज्यानें खोली दिली तो त्या वेळीं मालकच नव्हता, असें भाडेकरूस म्हणतां येत नाहीं. हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतही आहे.

आपला मुलूख पूर्वी निजामाचा. त्यामुळें मुंबईचा १९४७ चा भाडेकायदा इकडे नव्हता. हैदराबादचा १९५४ चा चाले. त्यांत मालकाची मालकी खोटेपणानें नाकारणें हेंच घर खालीं करविण्याचें एक कारण होतें. कित्येकांनीं लोभानें मालकी सांगावी आणि डोक्यावरचें छप्परही घालवावें, अशी ती गत! ३१ मार्च २००० पासून वेगवेगळ्या विभागांचे जुने कायदे जाऊन महाराष्ट्राचा एक कायदा आला.

आतां मालकांनीं ऐकावें. रोख भाडें घ्यावयाचें, पावती द्यावयाची नाहीं, आणि जागेचा भाव चढला कीं "हा घुसखोर आहे" म्हणून ओरडावयाचें, ही कोठली नीति? पावती देणें कायद्यानें सक्तीचें आहे. करार लेखी करून नोंदविणें हेंही मालकाचेंच काम. तें टाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. शिवाय अटींबद्दल वाद निघाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचें म्हणणें खरें धरतात. नळ-वीज तोडून घर खालीं करवूं पाहणाऱ्यालाही कायदा मोकळा सोडीत नाहीं.

भाडें थकलें तर दाव्यापूर्वीं ९० दिवसांची नोटीस लागते. पुढें समन्स लागल्यावर ९० दिवसांत भाडेकरूनें सारी बाकी १५ टक्के व्याजासह कोर्टांत भरली आणि पुढेंही भरीत राहिला, तर त्या कारणावरून त्यास काढतां येत नाहीं. मालक भाडें घेईना तर बँकेंतून पाठवा, म्हणजे कागद राहील. दोन भाऊ मालकीवरून भांडत असतील तर त्यांचा तंटा भाड्याच्या दाव्यांत कायमचा मिटत नाहीं. त्याला निराळा दिवाणी दावा लागतो. तुम्ही त्या भांडणांत तिसरे मालक होऊं नका.

ज्यांचे दावे चालू आहेत त्यांनीं करार, पावत्या व समन्स घेऊन सभेनंतर थांबावें. समन्स कोणत्या तारखेस हातीं पडला तें आधीं पाहूं. ते ९० दिवस तेथूनच मोजतात.