नवा तारा आणि जुनी पोथी



आकाशाकडे पाहण्याची सवय राजूरच्या माणसाला वेगळी शिकवावी लागत नाही. येथील गणपतीला संकष्टीच्या दिवशी लांबलांबून माणसे येतात, अंगारकीला तर जालन्याहून पायी चालत येतात. दिवसभराचा उपास चंद्र दिसल्याखेरीज सुटत नाही. पंचांगात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, आणि त्या सुमारास घराघरांतून कुणी ना कुणी पूर्वेकडे डोळे लावून बसलेले असते. आता अशी कल्पना करा की, एखाद्या रात्री त्याच पूर्वेला शुक्रापेक्षाही तेजस्वी असा एक तारा उगवला. कालपर्यंत तिथे काही नव्हते. पंचांगात त्याचा उल्लेख नाही. म्हाताऱ्या माणसांना विचारावे तर त्यांनीही तो कधी पाहिलेला नाही. आपण काय कराल? बघाल, एकमेकांना दाखवाल, चार दिवस पारावर चर्चा होईल. पण तो कधी दिसला, कोणत्या नक्षत्रात दिसला, किती दिवस राहिला, हे कुणी लिहून ठेवील काय?

ही कल्पना नुसती कल्पना नाही बरं का. इ. स. १०५४ साली, म्हणजे शके ९७६ मध्ये, असा तारा खरोखरच दिसला होता. वृषभ राशीत, रोहिणीच्या पुढे, बैलाच्या शिंगाच्या टोकाजवळ तो प्रकटला. चीनच्या राजदरबारातील ज्योतिषांनी ४ जुलै ही तारीख नोंदली आणि त्याला ‘पाहुणा तारा’ असे नाव दिले. तो २३ दिवस भर दिवसाही दिसत होता, आणि रात्रीच्या आकाशात जवळजवळ २१ महिने राहिला. मग पाहुणा निघून गेला. जपानातही त्याची नोंद आहे. आज त्याच जागी मोठी दुर्बीण रोखली तर एक पसरत चाललेला तेजोमेघ दिसतो. त्याला खेकड्याचा तेजोमेघ म्हणतात. तो आपल्यापासून सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर आहे.

हा तारा नवा दिसला, पण तो नवा नव्हता. तो एका म्हाताऱ्या ताऱ्याचा मृत्यू होता. तारा म्हणजे जळती चूल समजा. आतल्या उष्णतेचा दाब बाहेर ढकलतो, ताऱ्याचे स्वतःचे वजन आत ओढते, आणि या दोघांच्या तोलावर तारा लाखो-करोडो वर्षे उभा राहतो. सूर्याच्या आठपटींहून अधिक वजनाचा तारा असला, की तो हायड्रोजनपासून हेलियम, हेलियमपासून कार्बन, असे एकामागून एक इंधन वापरत लोखंडापर्यंत येऊन पोहोचतो. लोखंड मात्र या चुलीत जळत नाही, त्यातून उष्णता निघत नाही. चूल विझते, तोल जातो, ताऱ्याचा गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो आणि बाहेरचे सारे द्रव्य प्रचंड स्फोटाने उधळले जाते. याला इंग्रजीत सुपरनोव्हा व मराठीत अतिनवतारा म्हणतात. आपल्या हातातल्या विळ्याचे लोखंड, आपल्या रक्तातले लोखंड, हे पृथ्वी जन्मण्यापूर्वी ताऱ्यांच्या पोटी आणि ताऱ्यांच्या स्फोटांत घडलेले आहे.

तेव्हा प्रश्न असा, की चीनने पाहिले, जपानने पाहिले. मग आपल्या देशात हा तारा कुणी पाहिला नाही काय? हा प्रश्न ज्यांनी मनावर घेतला ते डॉ. जयंत विष्णू नारळीकर.

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. गणित आणि संस्कृत, दोन्ही विद्या एका घरात नांदत होत्या. बनारसला १९५७ साली बी. एस्‌सी. झाल्यावर ते केंब्रिजला गेले. तिथे त्यांनी फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली संशोधन केले. ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्ये कशी घडतात, हे तीन सहकाऱ्यांसह १९५७ च्या प्रसिद्ध लेखात मांडणारे हेच ते हॉईल. गुरुशिष्यांनी मिळून १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धान्त मांडला. पुढच्याच वर्षी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापूर्वी, नारळीकरांना पद्मभूषण मिळाले. परदेशात मानाची जागा असताना १९७२ साली ते मायदेशी परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले.

आता त्या पाहुण्या ताऱ्याकडे वळू. पुण्याच्या संस्कृत पंडिता डॉ. सरोजा भाटे आणि नारळीकर यांनी मिळून जुन्या भारतीय ग्रंथांत अशा ताऱ्यांच्या नोंदींचा शोध घेतला व त्याची हकीकत २००१ साली प्रसिद्ध केली. एकाला तारा कळत होता, दुसरीला पोथी कळत होती. निष्कर्ष काय निघाला? १०५४ सालच्या ताऱ्याची निर्विवाद म्हणता येईल अशी नोंद सापडली नाही.

श्रोतेहो, इथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. ज्याला आपल्या देशाचा अभिमान आहे अशा माणसाला ‘सापडली’ असे म्हणण्याचा मोह किती होईल! संस्कृत श्लोक लवचिक असतो. एखाद्या श्लोकात ‘तेजस्वी’, ‘अपूर्व’ असे शब्द असले, की ओढूनताणून त्यातून अतिनवतारा काढता येतो. टाळ्याही मिळतात. पण श्लोकात तारीख नाही, नक्षत्र नाही, किती दिवस दिसला ते नाही. मग तो पुरावा कसा? नारळीकर आणि भाटे यांनी ओढाताण केली नाही. शोधले, पण खात्रीचे मिळाले नाही, असे त्यांनी छापून सांगितले. पुढे जो कोणी शोधील त्याला निदान कुठून सुरुवात करावी ते कळेल.

कुणी म्हणेल, जुलै म्हणजे आपला आषाढ. पावसाळ्यात आभाळ भरलेले, तारा दिसणार कसा? शंका रास्त आहे. दिवसा दिसण्याचे ते २३ दिवस ढगांनी खाल्ले असतील. पण रात्रीचे २१ महिने? त्यांत दोन सबंध हिवाळे आले. मार्गशीर्ष-पौषात आपल्याकडे आभाळ कसे स्वच्छ असते, आणि वृषभ रास संध्याकाळीच पूर्वेला वर आलेली असते. तेव्हा पावसाचे कारण अर्धेच पुरते.

मग आपले पूर्वज आकाशाकडे पाहत नव्हते काय? असे कोण म्हणेल! या घटनेनंतर साठच वर्षांनी, १११४ साली भास्कराचार्य जन्मले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख येथून डोंगररांगेपलीकडे, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. ग्रहण केव्हा लागेल, तिथी केव्हा संपेल, याचे गणित त्या काळी आपल्याकडे उत्तम होत होते. मला वाटते, जे नियमाने येते त्याचे गणित करण्यात आपली बुद्धी रमली. जे एकदाच येते आणि जाते, त्याची रोजनिशी ठेवण्याची रीत मात्र तितकी रुजली नाही. किंवा कुणी लिहिलेही असेल, आणि ते भूर्जपत्र वाळवीने खाल्ले असेल. यांतले खरे काय, ते पुराव्यावाचून ठरवता येत नाही.

अतिनवताऱ्यांनी नारळीकरांच्या आयुष्यात आणखी एकदा परीक्षा घेतली. ती समजण्यासाठी एक दाखला देतो. अंधाऱ्या रात्री दूरच्या वस्त्यांवर दिवे दिसतात. सगळे दिवे सारख्याच ताकदीचे आहेत असे ठाऊक असेल, तर जो मंद दिसतो तो अधिक लांबचा, असे आपण म्हणतो. एका जातीचे अतिनवतारे असेच जवळजवळ सारख्या तेजाचे असतात. त्यांच्यावरून विश्वातील अंतरे मोजतात. १९९८ च्या सुमारास संशोधकांच्या दोन गटांना असे आढळले, की दूरचे अतिनवतारे अपेक्षेपेक्षा मंद आहेत, म्हणजेच अधिक दूर आहेत. त्यावरून विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत आहे असे अनुमान निघाले. २०११ साली या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले.

नारळीकर आणि त्यांचे सहकारी विश्वाचा निराळाच सिद्धान्त मांडत होते. विश्वाचा आरंभ एका महास्फोटात झाला, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी विचारले: दिवा लांब आहे म्हणूनच मंद दिसतो, हे कशावरून? मध्ये धुरळा असला तरी दिवा मंदच दिसेल! अतिनवताऱ्यांतून उधळलेली लोखंडाची वाफ थंड होऊन तिच्या बारीक सुया बनत असाव्यात, आणि त्या सुयांचा धुरळा दूरचा प्रकाश शोषून घेत असावा, असे त्यांनी गणित करून मांडले. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटले नाही. आजही बहुमत त्यांच्या बाजूचे नाही. पण नारळीकरांनी कुणाला दूषण दिले नाही, आणि आपल्या मानमरातबाचे वजनही पारड्यात टाकले नाही. प्रश्न विचारला, गणित मांडले, ते छापले आणि इतरांना तपासू दिले. सर्वांनी एका सुरात ‘हो’ म्हटले तरी पुरावा पुन्हा तपासावा, हा त्यांचा आग्रह होता.

आता शिक्षकांसाठी विशेष गोष्ट. पूर्वी खगोलशास्त्राचे संशोधन मोठ्या शहरांतील थोड्या संस्थांपुरते होते. महाविद्यालयातील प्राध्यापकाने पुस्तकातले शिकवावे, इतकेच. ही दरी बुजवण्यासाठी १९८८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ ही संस्था काढली व नारळीकरांना तिचे पहिले संचालक नेमले. २००३ पर्यंत त्यांनी ते काम पाहिले. देशातील कोणत्याही विद्यापीठातल्या, महाविद्यालयातल्या अध्यापकाने तिथे यावे, राहावे, ग्रंथालय वापरावे, संशोधन करावे आणि आपल्या गावी परत जाऊन ते विद्यार्थ्यांना द्यावे, अशी तिची रचना आहे. जुन्नरजवळ गिरवली येथे या संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीणही आहे. शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्याने त्यांनी सुरू केली. मुले स्वाक्षरी मागत, तेव्हा ते म्हणत: मला पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. सही हवी तर आधी प्रश्न हवा!

२० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकर वारले. त्यांचे कार्य पुढे नेण्यास दुर्बीणच लागते असे नाही. १६०४ सालानंतर आपल्या आकाशगंगेत साध्या डोळ्यांना दिसलेल्या अतिनवताऱ्याची नोंद नाही. १९८७ साली एक दिसला, तो शेजारच्या लहान दीर्घिकेत, दूर दक्षिणेकडे. पुढचा कधी दिसेल हे कुणी सांगू शकत नाही. उद्या दिसेल, शंभर वर्षांनीही दिसेल. तोवर शाळेने एक साधी वही घालावी. महिन्यातून चार रात्री मुलांनी आकाश पाहावे आणि तारीख, वेळ, दिशा, काय दिसले, एवढे लिहावे. ढग असले तर ‘ढग होते’ असे लिहावे. काही दिसले नाही तर ‘काही दिसले नाही’ असे लिहावे. शेवटची नोंद सर्वांत अवघड असते, कारण ती लिहिताना मुलाला वाटते, आपण हरलो. तो हरला नाही, हे त्याला सांगणे शिक्षकाचे काम आहे. न दिसलेले दिसले म्हणून लिहिणार नाही, एवढी शिस्त दहाव्या वर्षी अंगी बाणली, तर पुढे तो पोथी वाचो की दुर्बिणीतून पाहो, त्याच्या शब्दावर लोकांना विश्वास ठेवता येईल.

येत्या मार्गशीर्षात संध्याकाळी पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका शोधा. त्याच्या खाली तांबूस रोहिणी, आणि रोहिणीच्याही खाली बैलाच्या शिंगांची दोन टोके. दक्षिणेकडच्या टोकाजवळ तो पाहुणा आला होता. वहीचे पहिले पान तिथूनच सुरू करा.